कोणाला तुमची गरज आहे ते आधी बघा

"ताई, घराचं लोन फिटलं, दोन्ही मुलं कॉलेजला गेली, आता सकाळी कशासाठी आवरायचं तेच कळत नाही. इथले मित्र म्हणतात पॅशन शोध, आई फोनवर म्हणते नामस्मरण कर. कोणाचं ऐकू?"

वाचून गलबलून आलं हो. ज्यासाठी आपण सगळे इतक्या लांब आलो ती धावपळ संपली की हे होतंच. पण थोडं रागावणार आहे तुमच्यावर. एवढ्या मोठ्या पत्रात मला काय आवडेल, मला काय हवंय हेच आहे, माझा कोणाला काय उपयोग होईल हे एकदाही नाही! मी दरवेळी हेच सांगते आणि आजही सांगणार, ज्याची कोणीतरी वाट बघतंय त्याला हा प्रश्न फारसा पडत नाही.

मिएको कामिया नावाच्या जपानी मानसोपचारतज्ज्ञ नागाशिमा बेटावर कुष्ठरुग्णांमध्ये काम करायच्या. आजार तोच, कोंडून राहणं तेच, तरी काहीजण पार खचलेले आणि काही भरभरून जगणारे, असं का, हा प्रश्न त्यांना पडला आणि १९६६ साली त्यांनी इकिगाईवर, म्हणजे ज्यामुळे जगावंसं वाटतं त्या गोष्टीवर, पुस्तक लिहिलं. हल्ली इकिगाईच्या नावाने फॉरवर्ड होणारं ते आवड-पगारवालं चार वर्तुळांचं चित्र मूळ जपानी नाहीच, ते बाहेरच्या लोकांनी नंतर जोडलंय. ओकिनावात मोआई असतात, आपल्या भिशीसारखे गट, म्हातारपणीही एकमेकांना धरून राहतात. आणि गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कृष्ण जनकाचं उदाहरण देऊन अर्जुनाला लोकसंग्रहासाठी, म्हणजे लोकांच्या भल्यासाठी, कर्म कर असंच म्हणतो ना?

माझे सासरे रिटायर होऊन आमच्याकडे आले तेव्हा दिवसभर खिडकीशी बसून असायचे, कोणाशी बोलणं नाही. मग लायब्ररीत फाटक्या पुस्तकांना पट्ट्या चिकटवायचं काम मिळालं, बिनपगारी. तर मंगळवारी सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून, चष्मा पुसून तयार, आणि बर्फ पडलाय आज नका जाऊ म्हटलं की, "अगं, लायब्ररीतली ती बाई एकटी पडेल!"

तेव्हा या आठवड्यात लायब्ररी, हॉस्पिटल, शाळा, कुठेही जाऊन विचारा, ठरलेला वार आणि ठरलेली वेळ मागून घ्या, मनात आलं की जाईन असलं काही नको. नामस्मरण करा की, त्याच्या आड हे येत नाही.

लेकीला मेजर, म्हणजे कॉलेजातला मुख्य विषय, बदलायचाय म्हणता, बदलू दे. आणि सिटिझनशिपचं विचारलंत, ते माझ्यापेक्षा वकिलाला विचारा.