नवी सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेतल्यावर पहिला अनुभव कसा असतो? पहिल्यांदा घेणाऱ्याने काय बघावं?

मी घेतली ती एआर-१५ धाटणीची, ५.५६ मिमीची, १६ इंची नळीची. त्याआधी बरीच वर्षं बोल्ट-ॲक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका ओढावा लागणारी रायफल, वापरत होतो, त्यामुळे खालचं सगळं त्या नजरेतून आलंय. परवाना कसा मिळतो, मॅगझिनमध्ये किती गोळ्या चालतात, मुळात अशी रायफल सामान्य माणसाला ठेवता येते का, हे देशोदेशी वेगळं आहे आणि पुष्कळ ठिकाणी उत्तर सरळ 'नाही' असंच आहे. ते आधी बघा. पुढचं सगळं तो प्रश्न सुटल्यानंतरचं.

हातात घेतल्यावर आधी जाणवतो तो हलकेपणा. लाकडी दस्ता आणि भरभक्कम पोलादाची सवय असेल तर ॲल्युमिनियमची बॉडी आणि प्लास्टिकचा दस्ता थोडा खेळण्यासारखा वाटतो. आपण हिला आधुनिक म्हणतो खरं, पण मूळ आराखडा यूजीन स्टोनर यांनी आर्मालाइट कंपनीत १९५० च्या दशकात केलेला, आणि त्याचे हक्क १९५९ मध्ये कोल्टकडे गेले. नवं आहे ते बहुतेक वरून लटकवायचं सामान. त्या सामानाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: एक चांगली साईट आणि एक पट्टा घ्या, बाकी काही नको. पुढच्या टोकाला टॉर्च, बायपॉड (टेकवायचे दोन पाय), जादाची मूठ असं चढवत गेलात की उभ्याने नेम धरताना डावा हात लवकरच तक्रार करायला लागतो, आणि जे पैसे काडतुसांना लागायला हवे होते ते तिथे अडकतात.

दुकानात लोक रायफल खांद्याला लावून बघतात आणि खूश होतात. मी म्हणेन, दुकानदाराला विचारून बोल्ट कॅरिअर, म्हणजे नळी मागून बंद करणारा बोल्ट ज्यात बसतो तो आतला सरकता भाग, बाहेर काढून घ्या. त्याच्या डोक्यावर गॅस की नावाचा भाग दोन स्क्रूंनी बसवलेला असतो. त्या स्क्रूंच्या कडेचा धातू ठोकून आत दाबलेला दिसला पाहिजे, म्हणजे स्क्रू सैल होत नाहीत. दस्त्याच्या मुळाशी जे नट असतं तिथेही तसाच ठोका हवा. एवढ्या दोन जागा बघितल्या तरी कारखान्यात किती काळजी घेतली होती याचा अंदाज येतो. घरी आणल्यावर आतलं पॅकिंगचं तेल पुसून काढा, नळी आरपार मोकळी आहे ना ते बघा, आणि बोल्टला नीट तेल द्या. ही रायफल कोरडी चालवली तर कुरकुरते. कारण नळीतला गरम वायू एका बारीक नळकांड्यातून थेट कॅरिअरमध्ये येतो आणि काजळीही सोबत घेऊन येतो.

धक्का फारसा नाही. जेमतेम साडेतीन ग्रॅमची गोळी, शिवाय मागे दस्त्यात स्प्रिंग. त्यामुळे खांद्याला मार बसण्याऐवजी ढकलल्यासारखं वाटतं. गाल दस्त्याला टेकलेला असल्याने त्या स्प्रिंगची झणझण मात्र कानाशीच ऐकू येते. पहिल्यांदा वाटतं काहीतरी बिघडलंय; बिघडलेलं काही नसतं. आवाज हा खरा प्रश्न. तो १५० डेसिबलच्या वर जातो, आणि बंदिस्त रेंजमध्ये तर नकोसा होतो. कानात बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही लावा.

चाप हा सगळ्यात निराश करणारा भाग. साधा लष्करी धाटणीचा चाप ओढायला अडीच ते पावणेचार किलोपर्यंत जोर लागतो आणि वाटेत खरखरतो. चांगल्या बोल्ट-ॲक्शनवरून आलेल्या माणसाला हे खटकतंच. लगेच बदलायच्या मागे लागू नका, वापराने थोडा गुळगुळीत होतो.

आता साईट, कारण नव्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. या रायफलीवर साईट नळीपासून बरीच वर बसते, सुमारे साडेसहा सेंटीमीटर. म्हणजे नजर आणि गोळी दोन वेगळ्या रेषांवरून निघतात. ५० मीटरला नेम जुळवला, तर १० मीटरवरची गोळी नेमाच्या जागेच्या पाचेक सेंटीमीटर खाली लागते. रायफल चुकत नाही, हे भूमितीचं काम आहे. मी ५० मीटरलाच जुळवतो. पुढे २०० मीटरच्या आसपास गोळी पुन्हा नजरेच्या रेषेला छेदते आणि मधल्या अंतरात फरक थोडाच राहतो. अर्ध्या मिनिटाची (हे मिनिट कोनाचं, अंशाचा साठावा भाग) क्लिक असलेल्या रेड डॉटवर, म्हणजे लाल ठिपका दाखवणाऱ्या साईटवर, ५० मीटरला एक क्लिक म्हणजे पाऊण सेंटीमीटरपेक्षा किंचित कमी. रायफल टेकवून मारा, आणि तीन गोळ्यांवर विश्वास ठेवू नका. तीन गोळ्या नशिबानेही एकत्र पडतात. दहा मारा, त्यांचा मध्य काढा, मगच साईटचा स्क्रू फिरवा.

काडतुसांचं म्हणाल तर एकाच प्रकारावर रायफलीबद्दल निकाल देऊ नका. माझ्या रायफलीत सरावाच्या स्वस्त गोळ्या १०० मीटरवर तळहाताएवढ्या पसरतात, आणि जड मॅच (स्पर्धेसाठी बनवलेल्या) गोळ्या त्याच्या निम्म्याहून कमी जागेत बसतात. नळी तीच, माणूस तोच. अजून एक: ५.५६ च्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) .२२३ रेमिंग्टन हे जवळपास त्याच मापाचं काडतूस बिनधास्त चालतं, पण फक्त .२२३ साठी बनवलेल्या चेंबरमध्ये ५.५६ घालू नये, दाब जास्त होऊ शकतो. नळीवर काय कोरलंय ते वाचा.

रिकामी केसं, म्हणजे गोळी सुटल्यावर उरलेली काडतुसांची टरफलं, कुठे पडतात यावरही लक्ष ठेवा. उजवीकडे, किंचित मागे पडत असतील तर ठीक. जोरात पुढे उडत असतील तर बहुधा गॅस जास्त मिळतोय. मागे लोळत असतील तर कमी. डावखुरे असाल तर केसं चेहऱ्यासमोरून उडतात, तेव्हा चष्म्याशिवाय बसूच नका.

मध्येच अडकली तर आधी मॅगझिनवर संशय घ्या, रायफलीवर नंतर. मी प्रत्येक मॅगझिनवर मार्करने आकडा लिहितो. अडकण्याचा प्रकार पुन्हा पुन्हा एकाच आकड्यावर घडला की ते मॅगझिन बाजूला काढायचं. वेगवेगळ्या आकड्यांवर घडत असेल तर तेल, गॅस आणि काडतुसं, या क्रमाने तपासायचं.