मॉरिशसला ७ दिवस जातोय, राजधानी पोर्ट लुईसला किती वेळ द्यावा?

एक पूर्ण दिवस द्याच, पण मुक्काम तिथे नको, ऑफिसं सुटली की शहर रिकामं होतं, राहायला ग्रँड बे नाहीतर फ्लिक-आँ-फ्लॅक ही समुद्रकिनाऱ्यावरची गावं बघा. सकाळी सेंट्रल मार्केट गाठा, तिथे ढोल पुरी मिळते, डाळ भरलेल्या दोन मऊ पोळ्या, आत रस्साभाजी आणि चटणी, कागदात गुंडाळून देतात, गरम असतानाच खायची. मग आप्रवासी घाट, हा प्लीज चुकवू नका, १८४९ पासून भारतातून उसाच्या मळ्यांवर कामाला बोटीतून आलेले मजूर इथेच उतरायचे, त्यात आपली मराठी माणसंही होती, त्या दगडी पायऱ्या बघून खरंच गलबलून येतं. जानेवारी ते मार्च वादळांचे दिवस, ते टाळा, जून-जुलैत जाणार असाल तर पूर्व किनाऱ्यावर वारा फार असतो, हॉटेल पश्चिमेला घ्या.