वाचकांचे प्रश्न : जुनी ब्रिटिश मोटारसायकल – मूळ रूप जपावे की आपल्या आवडीने घडवावी?

प्रश्न : आमच्या घरी १९४० च्या दशकातील बीएसए एम-२० आहे. महायुद्धानंतर लष्कराने लिलावात काढलेली ही गाडी माझ्या आजोबांनी घेतली, काळ्या रंगात रंगवून घेतली आणि त्याच रूपात अपशिंगे ते सातारा अशी कित्येक वर्षे चालवली. ती पुन्हा खाकी करून टाकीवर लष्करी क्रमांक घालावा, असे काकांचे म्हणणे आहे. माझ्या मुलाला मागचा मडगार्ड कापून आणि पुढे टेलिस्कोपिक फोर्क (पुढचे चाक धरणाऱ्या, एकात एक सरकणाऱ्या नळ्या) बसवून तिची ‘बॉबर’ (अनावश्यक भाग काढलेली, आखूड मडगार्डची गाडी) करायची आहे. यांपैकी कोणाचे ऐकावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या पत्रात प्रत्यक्षात तीन बाजू आहेत, आणि तिसरी बाजू आजोबांची आहे. ‘मूळ रूप’ म्हणताना कोणत्या काळातले रूप अभिप्रेत आहे, हे आधी ठरवावे लागते. बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याने युद्धासाठी एम-२० जातीच्या सव्वा लाखाहून अधिक गाड्या बनवल्या आणि युद्ध संपल्यावर हेच मॉडेल नागरी ग्राहकांसाठी १९५५ पर्यंत चालू ठेवले. त्यामुळे ‘एम-२० म्हणजे खाकीच’ हे काकांचे गृहीतक अर्धेच खरे आहे. आपली गाडी लष्करात काही वर्षेच राहिली असेल. आपल्या घरात मात्र ती त्याहून कितीतरी अधिक काळ काळ्या रंगात वावरली आहे, आणि तो रंग कोणी दिला व का दिला, हेही आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की काळा रंग राहू द्यावा. खाकी रंग देण्यात गैर काही नाही. पण जुन्या छायाचित्रातला एखादा क्रमांक उतरवून तो टाकीवर रंगवणे म्हणजे गाडीला सोंग देणे होय. काकांना खात्रीच करून घ्यायची असेल, तर टूलबॉक्सच्या मागची बाजू किंवा टाकीचा तळ अशा आडोशाच्या जागी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून अगदी हलक्या हाताने फिरवावा. रंगाचे थर एकाखाली एक दिसू लागतात, आणि कधीकधी टाकीच्या बाजूवर लष्करी क्रमांकाची पुसट अक्षरेही सापडतात. ती सापडली, तर काकांच्या म्हणण्याला आधार मिळेल. न सापडल्यास तो विषय तिथेच सोडून द्यावा.

आता मुलाच्या इच्छेविषयी. ती मुळीच अनाठायी नाही. बीएसएने स्वतःच १९४० च्या दशकाच्या अखेरीस एम-२० ला टेलिस्कोपिक फोर्क द्यायला सुरुवात केली होती. तेव्हा त्याच घराण्यातला फोर्क मिळाला, तो बोल्टने बसला आणि जुना गर्डर फोर्क (बाहेरच्या स्प्रिंगवर हलणारा पुढचा सांगाडा) त्याच्या स्प्रिंग व पिनांसह माळ्यावर जपून ठेवला, तर पुढच्या पिढीला पाहिजे तेव्हा मागे जाता येईल. मात्र भलत्याच गाडीचा फोर्क बसवण्यासाठी चेसिसची मान (फोर्क जिच्यात फिरतो तो पुढचा भाग) कापणे किंवा तिला वेल्डिंग करणे याला माझा ठाम विरोध आहे. मडगार्डचेही तसेच. मूळ मडगार्ड कापू नये. तो उतरवून ठेवावा आणि साताऱ्यातल्या एखाद्या जाणत्या पत्रा-कारागिराकडून त्याच गोलाईचा आखूड मडगार्ड करून घ्यावा. खर्च थोडाच येतो, आणि नंतर कोणाला पश्चात्ताप करावा लागत नाही.

रंगावरून घरात एवढा वाद झालेला दिसतो, पण अशा गाड्यांचे खरे नुकसान होते ते नट-बोल्टांच्या आट्यांचे, आणि त्याची चर्चा सहसा कोणी करत नाही. या काळातल्या ब्रिटिश गाड्यांवर मेट्रिक आटे नसतात. ॲल्युमिनियमच्या भागांत बहुतेक ठिकाणी व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश इंची मापाचे आटे), तर इतरत्र इंचाला सव्वीस आट्यांचा ‘सायकल थ्रेड’ असतो. व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो, मेट्रिकचा ६० अंशांचा. जवळपासच्या मापाचा मेट्रिक बोल्ट दोन-तीन वेढे सहज जातो, मग अडतो, आणि घाईतला मिस्त्री तो पान्याने रेटतो किंवा सरळ नवा टॅप मारतो, म्हणजे भोकात नवे आटे पाडतो. क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या कवचात) असे चार-पाच ठिकाणी झाले, की ती केस पूर्ववत होत नाही. बाहेरून मात्र गाडी चकचकीत दिसत असते. म्हणून गॅरेज निवडताना रंगकामाचे नमुने पाहण्याआधी मिस्त्रीकडे व्हिटवर्थ पाने आणि टॅप आहेत का, हे विचारावे. आपल्या जिल्ह्यात इंजिन उद्योगाची जुनी परंपरा असल्यामुळे इंची आट्यांचा बोल्ट लेथवर नवा करून देणारे टर्नर आजही मिळू शकतात. मूळ बोल्ट नमुना म्हणून सोबत न्यावा.

एक खुलासा. इंजिन आणि चेसिसचे क्रमांक जुळत नाहीत म्हणून कोणी आपली गाडी ‘जोडकाम’ ठरवली, तर घाबरू नये. बीएसए त्या काळात हे दोन क्रमांक कारखान्यातच एकसारखे ठेवत नसे. ट्रायम्फच्या युद्धोत्तर गाड्यांविषयी मात्र ही शंका घेणे योग्य ठरते. आपण एवढेच पाहावे, की दोन्ही क्रमांक आरसी बुकाशी जुळतात.

ब्रेकचे लायनर, टायर, बेअरिंग आणि केबल हे झिजणारे भाग आहेत; ते नवे घातल्याने मूळपणाला बाधा येत नाही. यवतेश्वरचा घाट उतरायचा असेल, तर ड्रम गोल करून नवे लायनर घालणे ही पहिली गरज समजावी. रंगाचा विचार त्यानंतर करावा.

प्रश्न : मी १९६८ ची बुलेट ३५० घेतली आहे. तिला क्लिप-ऑन हँडल (फोर्कच्या नळ्यांवर आवळलेले, खालच्या उंचीचे दोन सुटे दांडे), मागे सरकवलेले फूटरेस्ट आणि एकेरी सीट लावून ‘कॅफे रेसर’ करायची आहे. काही मित्र म्हणतात, हा इतिहासाचा अपमान आहे. (एक वाचक, सांगली)

उत्तर : अपमान वगैरे काही नाही. उलट स्वतःच्या आवडीने गाडी घडवणे ही खुद्द ब्रिटनमधली परंपरा आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत लंडनच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणारी तरुण मुले हेच करत होती. नॉर्टनच्या १९५० च्या ‘फेदरबेड’ चेसिसमध्ये ट्रायम्फचे दोन सिलिंडरचे इंजिन बसवलेली ‘ट्रायटन’ ही त्या काळची सर्वांत गाजलेली जोडणी. त्यामागचे कारण मोठे व्यवहारी होते. ५०० सीसीच्या छोट्या रेसिंग मोटारींना नॉर्टनची इंजिने हवी असत आणि त्यासाठी पूर्ण गाड्या घेऊन इंजिन काढून घेतले जाई, त्यामुळे उत्तम चेसिस रिकाम्या पडत. त्या मुलांनी चांगल्या गाड्यांची मोडतोड केली नाही; जे उरले होते त्यातून काहीतरी चांगले उभे केले. पुढे रॉयल एनफिल्डनेच त्या धर्तीवर काँटिनेंटल जीटी २५० बाजारात आणली.

माझी हरकत शैलीला नसून आपण निवडलेल्या गाडीला आहे. त्या बुलेटचा हेडलाइट, स्पीडोमीटर आणि अँपिअर मीटर ज्या एकसंध घडणीत बसतात, ती ‘कॅस्केट’ नुसते झाकण नसते. फोर्कच्या नळ्या वर तिच्यातच अडकलेल्या असतात. खऱ्या कॅफे रेसरचा मोकळा गोल दिवा हवा असेल, तर वरचा योक (फोर्कच्या नळ्या धरणारी आडवी पट्टी) आणि नळ्याही बदलाव्या लागतील. उजव्या पायाचा गिअर आणि त्याशेजारची न्यूट्रलची छोटी पट्टी यांच्यामुळे फूटरेस्ट मागे नेताना जास्तीचा सांधा घ्यावा लागतो, तो ढिला झाला की गिअर चुकतात. एवढे सगळे १९६८ च्या पूर्ण गाडीवर करण्यापेक्षा १९९० च्या दशकातली, थोडी खिळखिळी झालेली बुलेट शोधावी. रचना जवळपास तीच आणि गाड्या मुबलक. आपली हौस तिच्यावर पूर्ण होईल, आणि जुनी बुलेटही शाबूत राहील.

कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांत फेरफार करण्यावर बंधने आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना ‘व्हीए’ मालिकेतील स्वतंत्र क्रमांक मिळतो; नोंदणी शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षांसाठी असते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते, हेही ध्यानात घ्यावे. चेसिसचा मागचा भाग कापलेल्या गाडीला या सवलतीची आशा धरता येणार नाही.

प्रश्न : सहा व्होल्टच्या दिव्यांवर रात्री काहीच दिसत नाही. बारा व्होल्ट केल्यास गाडीचा मूळपणा जाईल का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : जाणार नाही. मिरज–सांगली रस्त्यावर अंधारात चाचपडत जाण्यात कोणतीही निष्ठा नाही. मॅग्नेटोवर (ठिणगीसाठी स्वतःच वीज तयार करणाऱ्या यंत्रावर) चालणाऱ्या गाडीत ठिणगीचा बॅटरीशी संबंध नसतो, त्यामुळे हा बदल इंजिनला धक्का न लावता करता येतो. जुना डायनॅमो तसाच ठेवून इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग), बारा व्होल्टची बॅटरी आणि कमी वीज घेणारा एलईडी बल्ब पुरेसा होतो. मात्र त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक चेसिसला जोडलेले असते. आपल्या गाडीत कोणते टोक जोडले आहे, ते आधी तपासून त्याला चालणाराच बल्ब व रेग्युलेटर घ्यावा. जुना लुकास रेग्युलेटर पोखरून त्यात नवा बसवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. त्याऐवजी नवा भाग सीटखाली लपवावा आणि जुना, आतल्या तारांसह, जागच्या जागी नुसता राहू द्यावा.