जुनी जीप घरीच स्वतः रंगवायची आहे, बजेट अगदी कमी. स्प्रे गन आणि कॉम्प्रेसर घ्यावा की रोलरने भागेल? कोणता रंग टिकेल?

कॉम्प्रेसर घेऊ नका. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी वाहवत गेलो तरी तुमचे पैसे वाचतील.

माझी जीप मी घेतली तेव्हाच म्हातारी होती. पत्रा जाड, पण फूटबोर्डच्या कडेला, मडगार्डच्या आत आणि पुढच्या काचेच्या चौकटीखाली गंज, आणि आधीच्या मालकाने त्या गंजावरच दोनदा रंग फासलेला. माझं ठरलं होतं की रोलरने रंगवायची. काट्याकुट्यातून, चिखलातून जाणारी गाडी आहे, प्रदर्शनात मांडायची नाहीये. पण आमचे दाजी. दाजींचा गाड्यांचा अभ्यास दांडगा, निदान त्यांच्या मते तरी. भर घरात सगळ्यांसमोर म्हणाले, "रोलर? भिंत आहे का ती?" सगळे हसले, मीपण हसलो, आणि दुसऱ्याच आठवड्यात जाऊन कॉम्प्रेसर, गन, पाईप, रेग्युलेटर सगळं घेऊन आलो. अर्ध्याहून जास्त बजेट तिथेच उडालं.

आता तो कॉम्प्रेसर म्हणजे २५ लिटरच्या टाकीचा. गनला जेवढी हवा लागते तेवढी असल्या मशीनला जमतच नाही. अर्धा दरवाजा होतो न होतो तोवर प्रेशर पडतं, गन थुंकायला लागते, मग थांबा, टाकी भरू द्या, तोपर्यंत पहिला अर्धा सुकलेला. वर हवेतलं पाणी पाईपमधून येतं ते वेगळंच. दोन दिवस नुसता प्रायमर मारण्यात गेले आणि रंगाला पैसे उरले नाहीत. म्हटलं पुढच्या महिन्यात घेऊ. पुढच्या महिन्यात दुसराच खर्च निघाला. असं करत चार महिने जीप करड्या प्रायमरमध्ये उघड्यावर उभी, आणि मधे पाऊस येऊन गेला.

मला वाटायचं प्रायमर मारला म्हणजे पत्रा झाकला गेला. नाही. खड्डे-ओरखडे भरणारा जो नेहमीचा घासायचा प्रायमर असतो तो पाणी अडवत नाही, पितो. खालची लांबीपण, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, पाणी पिते, आणि ती तर मी शहाण्यासारखी वॉटर पेपरने पाणी मारमारून घासली होती. म्हणजे वरूनही पाणी आणि आतूनही पाणी. शेवटी पैसे जमले, वरवर घासलं, गनने रंग मारला, आणि खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होती. दाजींनी फोटो काढले, "बघ, याला म्हणतात फिनिश." आठ महिन्यांनी दरवाज्यांच्या खालच्या बाजूला पुटकुळ्या आल्या. नखाने टोकरलं तर नाण्याएवढा पापुद्रा निघाला आणि खाली लाल भुकटी. यावर दाजींचा निकाल काय, तर "तुझा हात बसलेला नाहीये गनवर."

हात! गंज खालून येतो हो, त्याला काय माहीत वरचा रंग गनने मारलाय की रोलरने की केरसुणीने.

दुसऱ्यांदा मी कोणाला विचारलं नाही. आधी सगळी गाडी साबणाने आणि मग तेल-ग्रीस काढायच्या सॉल्व्हंटने पुसली, घासायच्या आधी, कारण नंतर पुसलं तर तोवर ग्रीस आणि वॅक्स ओरखड्यांत जाऊन बसलेलं असतं आणि रंगाला डोळे, म्हणजे बारीक गोल खड्डे, पडतात. मग ग्राइंडरला वायर ब्रश लावून गंज पार चकचकीत पत्रा दिसेपर्यंत, जिथे ब्रश पोचत नाही तिथे रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज मारायचं रसायन. तो ॲसिडवाला असेल तर डब्यावर लिहिलंय तसा धुवून पूर्ण कोरडा करा, राहिलेल्या ॲसिडवर एपॉक्सी धरत नाही. पत्रा उघडा झाला की त्याच दिवशी दोन भाग मिसळून लावायचा एपॉक्सी प्रायमर, तोही रोलरनेच. पाणी अडवतो तो हा. माझ्या सगळ्या बजेटमधली सगळ्यात महाग वस्तू हा डबा होता, आणि असायलाच हवा. लांबी त्याच्या वर भरली, कोरडीच घासली, आधी ८० नंबरच्या पेपरने मग १८० मग ३२०, आणि लांबीवर परत एपॉक्सीचा एक हात.

रंग म्हणाल तर साधा सिंथेटिक इनॅमल, चार इंची बारीक फोमचा रोलर. टर्पेंटाईन घालून रोलरचे बुडबुडे आपोआप बसतील इतका पातळ केला. पहिला हात इतका विरळ दिसतो की रडू येतं, खालचं सगळं दिसतं. येऊ द्या रडू. जाड मारलात की ओघळ. रोज एक हात, दर दोन हातांनंतर ६०० च्या पेपरने पाण्यातून हलकं घासणं, असे सहा हात. रंगात एनसी थिनर (लॅकरसाठीचा जहाल थिनर) चुकूनसुद्धा घालू नका, खालचा हात सुरकुततो. इनॅमल हाताला लवकरच सुकल्यासारखा लागतो पण पक्का व्हायला काही आठवडे घेतो, तोवर गाडी झाडीत घालायची नाही. मला धीर नव्हता, मी घातली, डाव्या मडगार्डवर अजून खूण आहे.

त्याला आता तीन वर्षं होतील. एक पुटकुळी नाही. दाजी येतात, गाडीभोवती चक्कर मारतात, खाली वाकून बघतात आणि विषय बदलतात.

आता बॉनेट. बॉनेटच्या बाबतीत दाजी बरोबर होते हे मला लिहायला लागतंय. मोठा सपाट पत्रा, उन्हात तिरका बघितला की संत्र्याच्या सालीसारखं दिसतं, १५०० ने घासून पॉलिश करूनसुद्धा पूर्ण गेलं नाही. तेवढ्यासाठी गन हवीच असेल तर कोणाचा तरी मोठ्या टाकीचा कॉम्प्रेसर एका दिवसापुरता मागून आणा, विकत नको. माझा आता टायरमध्ये हवा भरायला आहे, त्याला बेस्ट आहे.

आणि हो, हार्डनर मिसळून मारायचा टूके (2K) रंग, कोणी कितीही भरीस घातलं तरी घरी गनने मारू नका. त्यात आयसोसायनेट नावाची रसायनं असतात, श्वासाचा कायमचा त्रास लागू शकतो, साध्या मास्कवर त्यासाठी विसंबता येत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. एपॉक्सी आणि इनॅमललाही हातमोजे आणि मास्क हवाच. जुना रंग फार जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं, तो कोरडा घासून धूळ उडवू नका, ओला घासा, आणि पत्रा उघडा पडला की लगेच पुसून वाळवा.

शेड काय घ्यावी ते तुम्ही विचारलं नाहीयेत, तरी सांगतो, काळा घेऊ नका, प्रत्येक डेंट ओरडून सांगतो. मॅट डेंट लपवतो पण त्याला पॉलिश करता येत नाही, डाग पडला की पडला. मी मातकट सेमी-ग्लॉस घेतला. गाडीचा मूळ रंग बदलणार असाल तर कागदपत्रांवर नोंद करून घ्या. आणि त्याच शेडचा, त्याच बॅचचा एक छोटा डबा जास्त घेऊन ठेवा, पहिल्याच फेरीत झाडाची फांदी लागणार आहे.