स्क्रीनमधली 'सूक्ष्मवाहिनी' : हा शब्द चालेल का?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय. मुलाच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे, पोस्टर मराठीत करायचंय आणि विषय आहे बारीक चॅनलमधून रंगीत द्रव फिरवून चित्र दाखवणारे स्क्रीन. हेडिंग त्यांनी केलंय 'सूक्ष्मवाहिनी द्रायू पडदा', ते बरोबर आहे का?

ताई, व्याकरणाने काहीच चूक नाही. रक्तवाहिनी आहे, जलवाहिनी आहे, ठाण्यात कुठे रस्ता खणला की 'जलवाहिनी फुटली' ही बातमी ठरलेलीच. पण पडद्याच्या शेजारी वाहिनी आली की माणूस सरळ टीव्हीवर जातो, वृत्तवाहिनी, मालिका, सासू-सून, आणि घाईत टाइप केलं तर कीबोर्ड त्याची वहिनी करतो ते वेगळंच. द्रायू हा शब्द परिभाषेतला, द्रव आणि वायू मिळून केलेला, पण इथे रंग दाखवायचं काम द्रवच करतो तर सरळ द्रव लिहा ना, पोरांना पण कळेल.

वाहिनीच्या जागी मी आधी नलिका सुचवणार होतो, पण आत काय चालतं ते बघितलं तर तीही नीट बसत नाही. 2003 मध्ये फिलिप्सच्या हेज आणि फीनस्ट्रा यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात जी रचना मांडली तिच्यात प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्रातला एकेक ठिपका, हा एक कप्पा, तळाला अळूच्या पानासारखा पाणी न धरणारा थर, त्यावर रंगीत तेलाचा पातळ पापुद्रा आणि वर पाणी. व्होल्टेज नसताना तेल पसरलेलं, रंग दिसतो. व्होल्टेज दिलं की पाणी तळाला चिकटायला बघतं, तेलाला कोपऱ्यात ढकलतं आणि खालचा पांढरा तळ उघडा पडतो, आणि हे सगळं व्हिडिओ दाखवता येईल इतक्या वेगात. म्हणजे यात नळी कुठेच नाही, इथे कप्पाच म्हणायला हवं. सिनसिनाटी विद्यापीठातल्या हायकेनफेल्ड यांच्या गटाने 2009 मध्ये दुसरा प्रकार दाखवला, त्यात रंगाचा द्रव एका छोट्या खळग्यात दडलेला असतो आणि व्होल्टेज दिलं की तिथून ओढला जाऊन चपट्या फटीत पसरतो. चॅनल म्हणायचंच तर याला, पण मराठीत फटच बरी.

हेडिंग मी 'रंगीत द्रवाचा पडदा' असं करेन. रंगीत शब्द गाळू नका हं, नुसता द्रवपडदा म्हटलं तर एलसीडी वाटेल, त्यातही द्रव स्फटिक असतातच, फक्त ते कुठे वाहत जात नाहीत, रेणू जागच्या जागी वळतात आणि रंग येतो तो फिल्टरमुळे.

आणि रंगांचा तक्ता काढताय तिथे लाल-हिरवा-निळा नको. हा पडदा स्वतः उजेड देत नाही, बाहेरचा उजेड परत पाठवतो आणि रंगीत द्रव त्यातला थोडा खातो, त्यामुळे एकावर एक थर लावून रंग करायचे तर हिशोब छपाईचा, सायन (हिरवट निळा), मजेंटा (गडद गुलाबी), पिवळा. सायन-मजेंटाला मराठी शब्द शोधत बसू नका, तुर्भ्याच्या प्रेसमध्ये पण तेच म्हणतात.