मशीन अडलं तर भोक बघ

बाळा,

परवा वागळे इस्टेटच्या कारखान्यात सागवानी चौकटीत तुझे 4 स्क्रू अर्ध्यावर अडले होते आणि तू विचारत होतास, स्क्रू पिळायचं छोटं मशीन ठेवून इम्पॅक्ट, म्हणजे ठोके देत फिरवणारं जोरदार मशीन, घेऊ का? नको घेऊस. छोटं मशीन अडलं तर भोक बघ.

3.6 व्होल्टच्या मशीनचा जोर जेमतेम 4-5 न्यूटन मीटर. 8 नंबरचा 35 मिमी स्क्रू सागात भोकाशिवाय जाणारच नाही, आणि जाऊही नये. इम्पॅक्ट तो घुसवेल, पण टोकाशी लाकूड चिरेल नाहीतर स्क्रूचं डोकं तुटेल. मग उरलेला दांडा काढत बस!

8 नंबर म्हणजे साधारण 4.2 मिमी. सागाला 3 मिमीचं भोक, प्लायला 2.5. वरच्या फळीत मात्र 4.5 मिमी आरपार, म्हणजे आटे तिथे धरत नाहीत आणि दोन्ही फळ्या घट्ट ओढल्या जातात. आट्यांना मेणबत्ती घास. साबण नको, तो ओल धरतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात स्क्रू गंजायला तेवढं पुरतं. तरीही अडलं? पुन्हा भोक बघ. खोली कमी असते, नाहीतर आत भुसा अडकलेला असतो. पितळी स्क्रू असेल तर आधी त्याच मापाचा लोखंडी फिरवून काढ, मग पितळी बसव.

मशीनच्या टोकाला लावतोस ते बिटही तपास. बिजागरीच्या स्क्रूवर फुलीच्या मधे बारीक रेघा दिसल्या तर पीझेड 2, म्हणजे पोझिड्राइव्ह बिट लागतं. तिथे पीएच 2, म्हणजे साधं फुलीचं फिलिप्स बिट लावलंस की ते उसळतं आणि खाच खातं.

पार्टिकल बोर्डात उलटं. तिथे मशीन अडत नाही, म्हणूनच आटे मरतात. क्लच, म्हणजे ठरावीक जोराला मशीन सुटं करणारी कडी, सगळ्यात कमी आकड्यापासून सुरू कर, शेवटची पाव फेरी हाताने दे. काढलेला स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरव. जुन्या आट्यात तो टक करून बसतो, मग आवळ.

मोठ्या मशीनने काम लवकर उरकतं, हे खोटं नाही. मीही बरीच वर्षं दोष मशीनलाच देत आलो, भोकाकडे पाहिलं नाही, याची खंत आहे. म्हणूनच एवढा हट्ट धरतोय, आणि तो चुकीचा नाही.

ते 4 स्क्रू काढ, 3 मिमीचं ड्रिल बिट लावून भोक पाड, भुसा फुंकून टाक आणि तेच छोटं मशीन हातात घे.