खोकरीचे घुमट, जंजिऱ्याचा तट आणि सिमेंटचं पोतं : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

दिवाळीची सुट्टी संपली की मुरूड-राजपुरीला जंजिरा किल्ला आणि जवळचे खोकरीचे घुमट बघून आलेल्यांचे प्रश्न यायला लागतात. त्यात निम्मे तेच ते, होडीत कुणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं आणि ते खरं का एवढंच विचारायचं असतं. बाकीचे प्रश्न गावातल्या लोकांचे, ज्यांच्या दारातच जुनी इमारत उभी आहे, आणि मला जास्त काळजी त्यांची वाटते. म्हणून सगळ्यांना एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न (ठाणे) : खोकरीला तीन घुमट बघितले. रिक्षावाला म्हणाला एक राजाचा, एक राणीचा, एक वजिराचा. खरं का?

नाही. तिन्ही कबरी जंजिऱ्याच्या सिद्दींच्या आहेत. सगळ्यात मोठा घुमट सिद्दी सुरूलखानाचा, जंजिऱ्यावर १७०८ ते १७३४ त्याची सत्ता होती आणि हा घुमट त्याने हयातीतच बांधून घेतला असं सांगतात. दोन लहान आहेत ते सिद्दी कासिम उर्फ याकूतखान आणि त्याचा भाऊ खैरियतखान यांचे. खैरियतखान गेला हिजरी ११०८ मध्ये म्हणजे इ.स. १६९६-९७, याकूतखान हिजरी १११८ म्हणजे १७०६-०७. हा याकूतखान म्हणजे तोच, ज्याने १६८९ मध्ये मुंबईवर उतरून इंग्रजांना कोंडून ठेवलं होतं, आणि मराठ्यांच्या आरमाराशी आयुष्यभर झुंजला तोही हाच. एवढा मोठा माणूस तिथे पुरलाय आणि आपण राजा-राणीच्या गोष्टी ऐकून परत येतो, वाईट वाटतं.

प्रश्न (पुणे) : खोकरीचे घुमट इंडो-सारसेनिक शैलीचे आहेत असं सगळीकडे लिहिलंय. आमचा गाईड म्हणाला ताजमहालाचे कारागीर आणले होते. कोणतं बरोबर?

दोन्ही चूक. इंडो-सारसेनिक ही इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणलेली शैली, मुंबईचं गेटवे ऑफ इंडिया त्या घराण्यातलं. खोकरीचे घुमट त्याच्या दीडेकशे वर्षं आधीचे, मग ते त्या शैलीत कसे बसतील? एकाने लिहिलं, पन्नास जणांनी कॉपी केलं, एवढंच झालंय. चौथऱ्यावर चौकोनी इमारत, भिंतीत कमानी, उजेड-वारा आत यावा म्हणून दगडी जाळ्या आणि वर एकच मोठा घुमट, ही आपल्या दख्खनची, अहमदनगर-विजापूरकडची रीत. सिद्दी आधी निजामशाहीचे, नंतर आदिलशाहीचे आणि मग मुघलांचे आरमार सांभाळायचे, तेव्हा बांधकामाचं वळण तिकडून आलं यात नवल नाही. ताजमहालाच्या कारागिरांचं सोडून द्या, त्याला काही आधार नाही.

प्रश्न (अलिबाग) : जंजिऱ्याच्या दरवाजाजवळ एका वाघाने सहा हत्ती धरलेत ते शिल्प आहे. ती सहा राज्यं, जी सिद्दीने हरवली, असं सांगतात.

शिल्प नीट बघितलंत याचा आनंद आहे, बरेच लोक दरवाजात शिरायच्या घाईत ते बघतच नाहीत. पण राज्यं मोजू नका. तो वाघ नाही, त्या कल्पित प्राण्याला शरभ म्हणतात. हत्तींना पंजात, तोंडात, शेपटीत धरलेला शरभ महाराष्ट्रातल्या कितीतरी किल्ल्यांच्या दरवाजांवर आहे आणि त्यातल्या बहुतेक किल्ल्यांचा सिद्दीशी काही संबंध नाही. दरवाजावर ताकद दाखवायची ती सगळ्या दख्खनची पद्धत होती.

प्रश्न (कल्याण) : किल्ल्याचे दगड शिसं ओतून जोडलेत, म्हणून तट अजून उभा आहे, हे खरं का?

दगड जखडायला कुठे कुठे शिसं वापरायचे, सिंधुदुर्गाच्या पायाबद्दलही तसं सांगतात. पण जंजिऱ्याचा सबंध तट शिशात बसवलाय हे चूक, दर्जांमध्ये, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यांत, चुनाच दिसतो. आणि तो किल्लीने उकरून बघू नका हो! शिसं शोधायला दर्ज उकरणारे लोक मी बघितलेत. जंजिरा केंद्राचं संरक्षित स्मारक आहे, नुकसान केलंत तर दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असा कायदा आहे. जाताजाता एक सांगतो, अलिबागला ओहोटीत चालत कुलाबा किल्ल्यावर जाल तेव्हा तिथला बाहेरचा तट बघा, मोठमोठे चिरे नुसते एकमेकांवर बसवलेत, मध्ये चुनासुद्धा नाही. लाट आली की पाणी फटींतून आत जातं आणि तसंच बाहेर येतं, भिंत अंगावर जोर घेत नाही. तट टिकतो तो पाण्याला वाट दिल्यामुळे, हे लक्षात ठेवा, पुढे श्रीवर्धनच्या उत्तरात कामाला येईल.

प्रश्न (नाशिक) : समुद्रात असून किल्ल्यात गोडं पाणी कसं? चमत्कार आहे का?

चमत्कार काही नाही. आत दोन मोठे तलाव बांधलेत आणि कोकणात पाऊस भरपूर पडतो. आज मात्र ते पाणी पिऊ नका.

प्रश्न (श्रीवर्धन तालुका) : आमच्या गावात वाडवडिलांच्या कबरीवर जुना छोटा घुमट आहे. निसर्ग वादळात बाजूचं झाड पडलं तेव्हापासून तडा गेलाय, आता पावसात आत ओल येते, भिंतीचे पोपडे निघतात. ठेकेदार म्हणतो जुना चुना कच्चा झालाय, सगळा खरवडून सिमेंटचा गिलावा करू, वरून वॉटरप्रूफिंगचं केमिकल मारू, दहा वर्षांची गॅरंटी. करू का?

करू नका. ताई, हा एकच प्रश्न कुणी विचारला असता तरी मी हे सगळं लिहायला बसलो असतो.

पहिलं म्हणजे वादळ झालं ३ जून २०२० ला. एवढे पावसाळे तडा उघडा राहिला, दर पावसात पाणी आत गेलं, म्हणजे आज जो खर्च होणार आहे त्यातला बराचसा उशिराचा आहे. तेव्हाच कुणाला दाखवलं असतं तर थोडक्यात भागलं असतं. असो, आता पुढचं बघू.

जुनी भिंत म्हणजे काळा दगड किंवा जांभा आणि मध्ये चुना. ती पाणी पिते आणि सोडतेही, पावसात ओली होते, दिवाळीनंतर वारा सुटला की वाळते. समुद्राकाठी त्या पाण्यात मीठ असतं. पाणी दर्जांतल्या चुन्यातून उडून जातं, मीठ पृष्ठभागावर येतं, पांढरा लोणा धरतो, तो मऊ ब्रशने झाडता येतो. आता त्यावर सिमेंटचा गिलावा चढवलात तर वाफ कुठून जाणार? मे महिन्याच्या उकाड्यात प्लॅस्टिकचा रेनकोट घालून बसल्यासारखं आहे ते, बाहेरून कोरडं आणि आत घाम. पाणी आतच राहतं, मीठ सिमेंटच्या पाठीमागे दगडात आणि चुन्यात खडे धरतं, ते फुगतं आणि जांभ्याचा एकेक पापुद्रा सुटायला लागतो. चार-पाच वर्षांनी गिलावा सोलून येतो तेव्हा चिऱ्याचा तोंडावळा त्याच्यासोबत निघून येतो. मग ठेकेदार म्हणतो बघा, दगडच कुजका होता. दगड कुजका नव्हता, त्याला गुदमरवला. गॅरंटी त्याच्या केमिकलची असते, तुमच्या दगडाची नसते, आणि कागद नीट वाचलात तर समुद्राकाठच्या ओल्या भिंतीला ती लागूच होत नाही असंही बारीक अक्षरात सापडेल.

चुना कच्चा असतो म्हणणाऱ्याला एकदा पद्मदुर्गावर घेऊन जा. मुरूडसमोर शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याला शह द्यायला बांधलेला तो किल्ला. तिथे तटाजवळ उभं राहून बघा, लाटा आणि खारा वारा खाऊन दगड आत आत झिजलेत, बोटं घालता येतील एवढे, आणि दोन दगडांमधला चुना मात्र जागच्या जागी उभा, मधाच्या पोळ्यासारखी चौकट बाहेर आलेली. साडेतीनशे वर्षं झाली. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, खोकरीचे घुमट त्याच्या शंभर वर्षं आधी या पावसात उभे होते.

पण चुना म्हणजे दुकानातून पुडी आणून लावायची गोष्ट नाही आणि इथे दुसरी फसवणूक सुरू होते. हल्ली 'हेरिटेज लाईम', 'रेडी चुना' म्हणून गोण्या येतात, त्यातल्या काहींमध्ये पांढरं सिमेंट मिसळलेलं असतं. गोणीवर काय काय घटक लिहिलेत ते विचारा, लेखी मागा, देत नसतील तर घेऊ नका. खरा प्रकार असा, कळीचा चुना पाण्यात विझवायचा, पाण्याखाली मुरवत ठेवायचा, मग वाळू आणि सुरखी म्हणजे विटेची भुकटी घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा. सुरखी आपल्या दमट हवेत महत्त्वाची, तिच्यामुळे चुना ओलसर जागीसुद्धा धरतो. गूळ, बेलफळ, हिरडा हे सगळं जुने गवंडी घालायचे, पण किती घालायचं ते तुमच्या घुमटाचा जुना चुना तपासूनच ठरतं, कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं प्रमाण वापरू नका. आणि पुळणीवरची, म्हणजे समुद्रकिनाऱ्याची, वाळू अजिबात नको, खाडीचीही नको, त्यातलं मीठ तुम्ही स्वतःच्या हाताने भिंतीत भरताय.

आज काय करायचं? तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा, बाजूला तारीख लिहा. पट्टी फुटली तर तडा अजून हलतोय आणि मग गिलाव्याचा विषयच नाही, आधी पाया आणि घुमटाचा भार बघावा लागेल. पावसाळ्यापुरतं वर ताडपत्रीचं छप्पर बांबूवर करा, ते घुमटाला टेकायला नको, मध्ये वारा खेळला पाहिजे. चौथऱ्याभोवती माती चढली असेल तर पाणी बाहेर जाईल असा उतार काढा. बाकी कशालाही हात लावायच्या आधी कंझर्व्हेशन आर्किटेक्टला, म्हणजे जुन्या इमारती जपायचं काम जाणणाऱ्या आर्किटेक्टला, जागेवर आणा, आणि घुमट राज्याच्या किंवा केंद्राच्या संरक्षित यादीत आहे का ते आधी विचारा, असेल तर परवानगीशिवाय तुम्हाला एक दर्जसुद्धा भरता येत नाही. फोटो बघून मी सांगू शकेन असं समजू नका, मी सांगणार नाही.

प्रश्न (म्हसळा) : घुमटावर पिंपळ उगवलाय. उपटून टाकू का? एक जण म्हणाला मुळात ॲसिड ओता.

उपटू नका, मुळं दगड घेऊन येतील. ॲसिड तर नकोच, ते आधी चुना खातं. सध्या फक्त फांद्या बुडाशी कापा, पानं वाढू देऊ नका, आणि मुळं मारायचं काम माहीतगाराकडूनच करून घ्या कारण मूळ मेल्यावर जी पोकळी राहते ती चुन्याने भरावी लागते. बोटाएवढा पिंपळ असताना हे तासाभराचं काम असतं, मनगटाएवढा झाला की घुमट उतरवायची वेळ येते. पुढच्या वर्षी बघू म्हणू नका.

प्रश्न (मुंबई) : मुरूडजवळ प्लॉट बघतोय. एजंट म्हणतो स्मारक लांब आहे, काही अडचण नाही.

एजंटचं 'लांब' चालत नाही, मीटर चालतात. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच, २०१० च्या दुरुस्तीने हा नियम स्मारकांच्या कायद्यातच घातलाय. अंतर इमारतीच्या भिंतीपासून नाही, संरक्षित हद्दीपासून मोजतात, एजंट नेमकं हेच सांगत नाहीत. समुद्राकाठी सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे, नियम आणखी वेगळे. इसार द्यायच्या आधी मोजणी नकाशा घेऊन वकिलाकडे आणि पुरातत्त्वच्या ऑफिसात, दोन्हीकडे जा.

प्रश्न (सातारा) : जुलैमध्ये जंजिरा बघता येईल का?

नाही, पावसाळ्यात होड्या बंद असतात. खोकरीला रस्त्याने जाता येतं, ते बघा, फक्त पावसात चौथऱ्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, सांभाळून चढा.